थायलंडमध्ये निवृत्तीनंतरचं वास्तव्य: मुदतवाढ, रांगा आणि कागदपत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नाशीनंतर थायलंडमध्ये मुक्काम हलवलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. कायदा देशभर एकच असला तरी प्रत्येक प्रांताचं इमिग्रेशन ऑफिस कागदांच्या बाबतीत आपला एखादा हट्ट जपून असतं. जिथे असा फरक पडतो तिथे तसं नमूद केलं आहे.

१. माझा व्हिसा तर संपला, मग मी बेकायदा राहतोय का?

तसं असेलच असं नाही. व्हिसा हा देशात शिरण्यासाठी असतो. एकदा शिरलात की पासपोर्टवर शिक्का बसतो आणि त्यावर ‘या तारखेपर्यंत राहता येईल’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या कामाची तारीख तीच. व्हिसा संपला पण शिक्क्यावरची तारीख पुढे आहे, तर तुम्ही कायदेशीर. व्हिसा वर्षभराचा आहे म्हणून निवांत बसलात आणि शिक्क्यावरची तारीख उलटली, तर बेकायदा. वर्षाची मुदतवाढ मिळते ती या शिक्क्याला, व्हिसाला नव्हे.

मुदतवाढ, रीएंट्री परमिट (देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी), ९० दिवसांची नोंद आणि पत्त्याची नोंद (टीएम ३०) ही चार वेगळी कामं आहेत, हे एकदा मनात पक्कं बसवा. एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या चौघांची सरमिसळ केल्यामुळेच आलेल्या असतात.

२. निवृत्तीच्या कारणावर मुदतवाढ कोणाला मिळते?

वय ५० पूर्ण हवं आणि हाती नॉन-इमिग्रंट ‘ओ’ किंवा ‘ओ-ए’ प्रकारचा व्हिसा हवा. पैशांची अट वेगळी (प्रश्न ४ ते ६). प्रत्यक्ष नोकरीतून निवृत्त झाल्याचा दाखला मागत नाहीत. पण इथे काम करायला पूर्ण मनाई आहे, आणि थाई कायद्यात ‘काम’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. विनामोबदला शिकवणंही त्यात येऊ शकतं.

३. मी पर्यटक म्हणून आलोय. परत न जाता इथेच ‘ओ’ करून घेता येईल का?

येईल. टुरिस्ट व्हिसावर आला असाल तर टीएम ८६ हा फॉर्म, व्हिसामाफीवर आला असाल तर टीएम ८७. फी २,००० बाथ. अर्जाच्या दिवशी मुक्कामाचे किमान १५ दिवस शिल्लक हवेत. शेवटच्या आठवड्यात गेलात तर अर्ज घेतच नाहीत. पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा पुरावा इथे हमखास मागतात. मंजूर झाल्यावर आधी फक्त ९० दिवस मिळतात. त्या ९० दिवसांच्या अखेरच्या महिन्यात वर्षाच्या मुदतवाढीसाठी वेगळा अर्ज करायचा.

खरी अडचण बँक खात्याची असते. पर्यटकाला खातं उघडून द्यायचं की नाही हे शाखेशाखेवर ठरतं. एका शाखेने नकार दिला म्हणजे बँकेने नकार दिला असं समजू नका. इमिग्रेशनकडून राहत्या पत्त्याचा दाखला घेऊन दुसऱ्या शाखेत जा.

‘ओ-ए’ मात्र थायलंडमध्ये मिळत नाही. तो आपल्या देशातून किंवा जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथूनच घ्यावा लागतो. सोबत पोलिसांचा आणि डॉक्टरांचा दाखला लागतो.

४. ८ लाख बाथ खात्यात नेमके किती दिवस ठेवायचे? वर्षभर अडकतात का?

८ लाख वर्षभर नाही, पण ४ लाख वर्षभर अडकतात असंच धरा. मार्च २०१९ पासूनचा नियम असा: अर्जाच्या आधी २ महिने ८ लाख, मुदतवाढ मिळाल्यावर ३ महिने ८ लाख, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जायला नको.

उदाहरण घेऊ. तुमची मुदत २० जूनला संपते आणि तुम्ही २५ मे रोजी अर्ज करता. मग २५ मार्चला खात्यात ८ लाख असलेच पाहिजेत. १० मार्चला भरलेत तर झोप चांगली लागेल. मुदतवाढ त्याच दिवशी मिळाली तर २५ ऑगस्टपर्यंत त्या पैशांना हात लावायचा नाही. त्यानंतर पुढच्या २५ मार्चपर्यंत वरचे ४ लाख वापरा. म्हणजे निम्मे पैसे सात महिने मोकळे, निम्मे कधीच नाहीत. घर घ्यायचं किंवा शस्त्रक्रियेसाठी लागतील म्हणून याच पैशांवर भिस्त ठेवणारे पुढे अडचणीत येतात. त्यासाठी दुसरं खातं ठेवा.

खातं थायलंडमधल्या बँकेचं आणि फक्त तुमच्या नावाचं असावं. नवराबायकोचं संयुक्त खातं निवृत्तीच्या अर्जाला सहसा चालत नाही. मुदत ठेव चालते, पण ती मोडता येणारी हवी. काही ऑफिसं मंजुरीनंतर तीन महिन्यांनी पासबुक घेऊन परत बोलावतात. तशी चिठ्ठी पासपोर्टला टाचून दिलेली असते. ती काढून टाकू नका.

५. खात्यात ७,९९,८०० होते आणि अर्ज फेटाळला. २०० बाथसाठी?

हो, २०० बाथसाठी. बरोबर ८ लाख भरून खातं उघडलं की हे हमखास होतं. डेबिट कार्डाची वार्षिक फी किंवा मेसेज सेवेचे पैसे बँक परस्पर कापते आणि शिल्लक एका दिवसापुरती खाली जाते. पासबुकात ती ओळ छापली जाते आणि अधिकाऱ्याचं बोट नेमकं तिथेच थांबतं. दुसऱ्या दिवशी पैसे भरले असले तरी दोन महिन्यांची साखळी तुटलेलीच. ८ लाख २० हजार ठेवा, आणि त्या खात्याचं कार्ड घेऊच नका.

अर्ज फेटाळला गेला तरी मुदतीचे दिवस शिल्लक असतील तर पुढच्या प्रश्नातला उत्पन्नाचा मार्ग लागू होतो का ते पाहा. नसेल तर देशाबाहेर जाऊन नव्या व्हिसावर येणं, इतकंच हाती उरतं.

६. मोठी रक्कम अडकवायची नाही. पेन्शनवर भागेल का?

दरमहा किमान ६५,००० बाथ उत्पन्न असेल तर भागतं. सिद्ध करायच्या दोन वाटा: दूतावासाचं उत्पन्नपत्र, किंवा परदेशातून थाई खात्यात दरमहा ६५,००० किंवा जास्त आल्याच्या १२ महिन्यांच्या नोंदी. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या दूतावासांनी उत्पन्नपत्रं देणं बंद केल्यापासून दुसरी वाटच जास्त वापरात आहे.

यात चुकतं ते असं. एक म्हणजे विनिमय दर: पाठवताना ६५,००० बसत होते, पोचले तेव्हा ६४,७०० झाले. दर महिन्याला ६८ ते ७० हजारांच्या घरात पाठवा. दुसरं, दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवणं. मधला कोरा महिना चालत नाही. तिसरी चूक नोंदीची. पैसे परदेशातून आले हे पासबुकातल्या कोडवरून कळायला हवं (बँकॉक बँकेच्या पासबुकात ते ‘एफटीटी’ असं येतं). काही सेवा शेवटच्या टप्प्यात देशांतर्गत ट्रान्सफर करतात, मग नोंद स्थानिक दिसते. पहिल्या महिन्यातच पासबुक छापून खात्री करा. बाराव्या महिन्यात कळून उपयोग नाही.

भारतात निवासी असताना पैसे पाठवत असाल तर एलआरएसची (भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. अनिवासी झाल्यावर पेन्शन एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात) येते आणि तिथून पाठवायची पद्धत वेगळी असते. ते महिन्याच्या तारखा ठरवण्याआधीच बँकेशी बोलून लावून घ्या.

उत्पन्न आणि शिल्लक मिळून वर्षाला ८ लाख, असा तिसरा मार्गही नियमात आहे. त्यावर जाण्याआधी आपल्या ऑफिसात विचारा.

७. अर्जाला कोणते कागद न्यायचे?

टीएम ७ फॉर्म, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, मूळ पासपोर्ट आणि रोख १,९०० बाथ. अर्ज फेटाळला तरी ही फी परत मिळत नाही. पासपोर्टच्या झेरॉक्स: फोटोचं पान, मूळ व्हिसा, शेवटचा प्रवेशाचा शिक्का, आधीच्या मुदतवाढीचे शिक्के. बँकेचं पत्र, खात्याचं विवरण, मूळ पासबुक आणि त्याच्या झेरॉक्स. टीएम ३० ची म्हणजे पत्त्याच्या नोंदीची पावती (प्रश्न १२), भाडेकरार किंवा घराचे कागद, घराचा नकाशा. काही ठिकाणी घराबाहेर उभं राहून काढलेला फोटोही मागतात, आणि घराचा नंबर त्यात दिसायला हवा असतो.

प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही करा. काळ्या शाईतली सही छापील वाटते म्हणून काही खिडक्यांवर परत करतात. आणि हो, सही पासपोर्टवर आहे तशीच. पन्नास कागदांवर सह्या करताना चाळिसाव्या सहीपर्यंत तिचा आकार बदललेला असतो.

बँकेचं पत्र शक्यतो अर्जाच्याच दिवसाचं घ्या. काही ऑफिसांना सात दिवसांपर्यंतचं चालतं, काहींना नाही. मशीनमध्ये पासबुक त्या दिवशी सकाळी अद्ययावत करायचं. खात्यात हालचाल नसेल तर मशीन काहीच छापत नाही, म्हणून आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी १०० बाथ भरा म्हणजे ताजी तारीख उमटते. थाई कागदांवर साल बौद्ध शकाचं असतं: इसवी सनात ५४३ मिळवायचे. २५६८ म्हणजे २०२५. तारखा जुळवताना हे विसरलं की विनाकारण घाबरायला होतं.

८. महिनाभर आधी गेलो तर महिन्याचे दिवस वाया जातात का?

नाही. नवं वर्ष जुन्या मुदतीच्या अखेरीपासून मोजतात, अर्जाच्या दिवसापासून नाही. मुदत संपण्याआधी ३० दिवसांत अर्ज घेतात. काही ऑफिसं ४५ दिवस आधीही घेतात. पहिल्याच आठवड्यात जा. कागद कमी पडला तर परत यायला तीन आठवडे हातात राहतात. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रानची (थाई नववर्षाची) सुट्टी असते. मुदत त्या सुमारास संपत असेल तर मार्चअखेरच काम उरका.

९. रांगेत दिवस जातो. काही उपाय?

कामाची वेळ साधारण ८.३० ते ४.३०, मध्ये १२ ते १ जेवणाची सुट्टी. त्या सुट्टीत टोकन पुढे सरकत नाही, म्हणून साडेअकराला पोचणं हा सगळ्यात वाईट पर्याय. सोमवार, शुक्रवार आणि जोडसुट्टीनंतरचा दिवस टाळा. महिन्याच्या मधला बुधवार त्यातल्या त्यात बरा.

बँकॉकचं ऑफिस चेंग वत्थना इथल्या सरकारी संकुलात बी इमारतीत आहे. तिथे ऑनलाइन वेळ घेता येते, आणि घ्यावीच. पट्टायाकडच्या लोकांचं ऑफिस जोमतिएनला. कुठल्याही ऑफिसात जा, नियम हा की तुमची पत्त्याची नोंद ज्या प्रांतात, तिथलंच ऑफिस. शेजारच्या प्रांतात गर्दी कमी आहे म्हणून तिकडे गेलात तर हेलपाटा.

दारापाशी पहिला टप्पा कागद तपासणीचा असतो, टोकन त्यानंतर. इथे ‘हा कागद नाही’ म्हटलं की वाद घालू नका, ‘कुठे मिळेल?’ इतकंच विचारा. बहुतेक वेळा शेजारी झेरॉक्सचं दुकान असतं आणि तिथल्या माणसाला त्या ऑफिसची यादी तोंडपाठ असते. टोकनाचा क्रमांक कामाप्रमाणे वेगळा असतो: मुदतवाढीच्या रांगेत बसून ९० दिवसांची नोंद होत नाही. हाफ पँट आणि बनियन घालून जाऊ नका. मधुमेह असेल तर खाऊ आणि औषध सोबत ठेवा. तुमचा नंबर पुकारला आणि तुम्ही खाली चहाला गेला असलात तर पुन्हा टोकन घ्यावं लागतं.

१०. ९० दिवसांची नोंद म्हणजे काय? ती कोण करतं?

सलग ९० दिवस देशात राहणाऱ्या परदेशी माणसाने आपला पत्ता कळवायचा, टीएम ४७ फॉर्मवर. फी नाही. देय तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत प्रत्यक्ष जाऊन करता येते. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवली तरी चालते. टपालानेही होते, पण पाकीट १५ दिवस आधी रजिस्टर्ड टाकायला हवं. ऑनलाइनची खिडकी अरुंद: १५ दिवस आधी उघडते आणि ७ दिवस आधी बंद होते. नव्या पासपोर्टवरची पहिली नोंद प्रत्यक्षच करावी.

स्वतःहून उशिरा गेलात तर दंड २,००० बाथ, पकडले गेलात तर ५,०००.

देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी शून्यापासून सुरू होते. ८५ व्या दिवशी दोन रात्रींसाठी सिंगापूरला गेलात तर परतल्यापासून नवे ९० दिवस. पासपोर्टला टाचलेली जुनी चिठ्ठी मग बाद.

११. मुदतवाढ काल झाली. मग ९० दिवसांची नोंदही झालीच ना?

नाही. फक्त पहिल्यांदाच मुदतवाढ घेत असाल तर तो अर्ज नोंदीच्या जागी धरला जातो असा नियम आहे, पण तिथेही पुढच्या तारखेची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. दुसऱ्या वर्षापासून दोन्ही कामं पूर्णपणे वेगळी.

१२. टीएम ३० घरमालक भरत नाही म्हणतो. आता?

परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत कळवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, तुमची नाही (१९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३८). पण पावती नसेल तर अडतं तुमचं काम. म्हणून भाडेकरार करतानाच ही अट लिहून घ्या. मालकाच्या ओळखपत्राची आणि घरनोंदणी पुस्तिकेची सही केलेली झेरॉक्स मिळाली तर बऱ्याच ऑफिसांत भाडेकरू स्वतः नोंद करू शकतो.

परदेशातून त्याच घरी परतल्यावर पुन्हा नोंद करायची का? रीएंट्री परमिटवर त्याच पत्त्यावर परतणाऱ्यांना २०२० पासून सूट आहे. तरी काही ऑफिसं ताजी पावती मागतात. दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका.

१३. मुलीकडे अमेरिकेला दोन महिने जातोय. परत येईपर्यंत मुदतवाढ टिकेल ना?

रीएंट्री परमिट घेतलं तरच. न घेता देश सोडलात तर विमान उडायच्या आधीच, पासपोर्ट तपासणीपाशी तुमची वर्षाची मुदतवाढ संपते, आणि परतल्यावर प्रश्न ३ पासून पुन्हा सुरुवात. टीएम ८ फॉर्म, एकदाच जाण्यासाठी १,००० बाथ, कितीही वेळा जाण्यासाठी ३,८०० बाथ. वर्षात चार फेऱ्या असतील तर दुसरं स्वस्त. मुदतवाढीच्या दिवशीच काढून ठेवा. विसरलातच तर बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही काउंटर आहे, पण तिथे रांग लागली तर विमान थांबत नाही.

परमिटमुळे मुदत वाढत नाही. ती आहे त्याच तारखेला संपते. प्रवेशाआधी ३ दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं असतं (१ मे २०२५ पासून). ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही.

१४. आम्ही दोघं आहोत. दोघांचे मिळून १६ लाख लागतात का?

गरज नाही. एकाची मुदतवाढ निवृत्तीच्या कारणावर आणि दुसऱ्याची त्याच्यावर अवलंबून असलेला जोडीदार म्हणून होऊ शकते. जोडीदाराचं वय ५० पेक्षा कमी असलं तरी चालतं, पण त्याच्याकडेही नॉन-इमिग्रंट व्हिसा हवा. विवाहाचा दाखला दूतावासाकडून साक्षांकित करून थाई परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागाचा शिक्का घ्यावा लागतो. याला वेळ लागतो. पहिल्या वर्षी दोन महिने आधी सुरू करा.

एक अप्रिय गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. मुख्य अर्जदाराचं निधन झालं तर जोडीदाराच्या मुक्कामाचा आधारच जातो. त्याच वेळी मृताचं बँक खातं गोठतं आणि सहसा कोर्टाच्या आदेशाशिवाय मोकळं होत नाही. परवडत असेल आणि दोघांची पन्नाशी उलटली असेल तर दोघांनी वेगवेगळ्या खात्यांवर आपापली मुदतवाढ घेणं शहाणपणाचं.

१५. पासपोर्ट सात महिन्यांत संपतोय. वर्षाची मुदतवाढ मिळेल?

पासपोर्टच्या अखेरच्या तारखेपलीकडे मुदतवाढ देत नाहीत. १,९०० बाथ पूर्ण भरून सातच महिने मिळतील. आधी पासपोर्ट नवा करा, मग जुन्यावरचे शिक्के नव्यावर उतरवून घ्या. त्याला फी नाही. जुना पासपोर्ट फेकू नका.

१६. आरोग्य विमा सक्तीचा आहे का?

‘ओ-ए’ घेतला असेल तर हो. व्हिसा काढताना ३० लाख बाथ किंवा १ लाख डॉलरचं संरक्षण मागतात. मुदतवाढीतही विमा सुटत नाही. ‘ओ’वर असाल तर सक्ती नाही. सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणंच अवघड असल्याने बरेच जण याच कारणाने ‘ओ’ निवडतात. इस्पितळाचं बिल मात्र व्हिसाचा प्रकार विचारत नाही.

१७. वर्षाऐवजी ‘विचाराधीन’ असा शिक्का मारून महिन्यानंतर बोलावलं. अर्ज अडकला का?

बहुधा नाही. काही ऑफिसं मंजुरीसाठी फाइल वर पाठवतात आणि तोवर असा शिक्का देतात. दिलेल्या दिवशी जाऊन उरलेलं वर्ष घ्यायचं. या काळात परदेशी जाऊ नका. आणि तो दिवस चुकवू नका, कारण त्यानंतर तुम्ही मुदत उलटलेले ठरता.

१८. मुदत संपायच्या वेळी इस्पितळात असलो तर?

मुदतवाढीला अर्जदाराने स्वतः यावं लागतं. ९० दिवसांच्या नोंदीसारखं दुसऱ्याला पाठवून चालत नाही. पण उपचारांच्या कारणावर इस्पितळाच्या दाखल्याने एका वेळी ९० दिवसांपर्यंत परवानगी मिळू शकते. मोठ्या इस्पितळांत परदेशी रुग्णांसाठी खास विभाग असतो. दाखल झालात की पहिल्याच दिवशी पासपोर्टवरची तारीख त्यांना सांगून ठेवा.

१९. एजंट म्हणतो, ८ लाख नसले तरी करून देतो. द्यावं का?

कागद भरून देणारा, रांगेत सोबत बसणारा एजंट ठीक आहे. खात्यात काही दिवसांपुरते पैसे दाखवून शिक्का आणणारा नको. चौकशी झाली तर खोट्या कागदांवर सही तुमची असते, आणि पासपोर्टही तुमचाच. पासपोर्ट आठवडाभर एजंटकडे राहणार असेल तर तेवढ्यानेच सावध व्हा.

२०. तारीख उलटलीच. किती महागात पडेल?

दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,०००. म्हणजे चाळीस दिवसांनंतर दंड वाढत नाही, आणि इथेच लोक फसतात. पैशांचा आकडा थांबतो, प्रवेशबंदीचा वाढत जातो. स्वतःहून बाहेर पडताना ९० दिवसांहून जास्त झाले असतील तर १ वर्ष बंदी, एका वर्षाहून जास्त तर ३ वर्षं, तीनहून जास्त तर ५, पाचहून जास्त तर १०. पकडले गेलात तर एका दिवसासाठीही ५ वर्षं, आणि एक वर्ष उलटून गेलं असेल तर १०. म्हणून दोन दिवस उशीर झाला असला तरी आजच ऑफिस गाठा. पोलिसांच्या नाकाबंदीत सापडण्याची वाट पाहू नका.

२१. या सगळ्यातून सुटायला दहा वर्षांचा व्हिसा नाही का?

आहे, खिसा भरलेला असेल तर. सप्टेंबर २०२२ पासून एलटीआर नावाचा व्हिसा मिळतो. निवृत्तांसाठी अट वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्नाची. ४०,००० ते ८०,००० च्या मध्ये असाल तर थायलंडमध्ये २,५०,००० डॉलर गुंतवणूक हवी. फी ५०,००० बाथ. त्यात रीएंट्री परमिट लागत नाही आणि ९० दिवसांऐवजी वर्षातून एकदा नोंद करावी लागते. ‘ओ-एक्स’ हा दुसरा दीर्घ मुदतीचा व्हिसा ठरावीक १४ देशांच्या नागरिकांनाच मिळतो. त्या यादीत भारत नाही.